लम्प म्हणजे गोळा

बाइंडरबाईंनी एकतीस वर्षांत हजारो पुस्तकं बांधली होती, पण त्यांतलं इंग्रजी पुस्तक एकही वाचलेलं नव्हतं. फर्मे, म्हणजे छापील कागदांचे मोठे ताव, दुमडायचे, जुळवायचे, शिवायचे, पाठीला सरस लावून दाबाखाली ठेवायचे. आत काय छापलंय याच्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. मात्र गेल्या वर्षी चाळीस इंग्रजी पुस्तकांच्या पाठीवर त्यांनी नावाच्या पट्ट्या उलट्या डकवल्या. कारखान्याचे मालक ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले, "बाई, अक्षरं डोक्यावर उभी आहेत." ओरडले असते तर बाईंना बरं वाटलं असतं.

म्हणून वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या वाचनालयातल्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात जाऊन बसल्या. शिकवणारे सर जन्मभर प्रुफं तपासत आलेले. शब्दांच्या याद्या पाठ करायला त्यांचा सक्त विरोध. "यादीतले शब्द घरी पोचेपर्यंत रस्त्यात सांडतात," ते म्हणत. त्यांनी सहा-सातशे वर्षांपूर्वीची युरोपातली एक गमतीची गोष्ट सोप्या इंग्रजीत उतरवून आणली होती आणि दर तासाला तिची चार-पाच वाक्यं फोडून सांगत.

गोष्ट एका मठातली. तिथल्या जाड्या साधूने कोठीतून मधाच्या पोळ्याचा भलामोठा गोळा चोरला आणि टोपीखाली लपवला. मठाच्या प्रमुखाला वास आला. त्याने चकार शब्द न काढता साधूला शेकोटीला खेटून बसवलं आणि सदाचरण म्हणजे काय यावर एकेक प्रश्न विचारायला घेतले. टोपीखालचा गोळा वितळू लागला. मध कपाळावर आला, भुवयांवर आला, दाढीत पसरला. साधू शपथेवर सांगत राहिला की हा भक्तीचा घाम आहे. मग खिडकीतून मधमाश्या आत आल्या.

वर्गातला टॅक्सीवाला हसता हसता उचकी लागून बाहेर पाणी प्यायला गेला. बाई मात्र पहिल्या दिवशी चक्रावून गेल्या होत्या.

"सर, साधूची अशी टवाळी? आणि तीही छापायची?"

"तेव्हा छापखाने कुठे होते, बाई? कुणीतरी बसून हाताने लिहून काढली."

असला चावटपणा कुणी दिवा लावून, मान मोडेपर्यंत लिहीत बसलं असेल, हे बाईंच्या पचनी पडायला आठवडा लागला. मग त्यांनाही हसू यायला लागलं. कागदाच्या कापलेल्या पट्ट्यांवर त्या शब्द लिहून घेत आणि शिवताना पुटपुटत. लम्प म्हणजे गोळा. हाइड म्हणजे लपवणं. मेल्ट म्हणजे वितळणं. स्प्रेड म्हणजे पसरणं.

घरी मुलगा आणि सून. मुलगा नकाशे काढण्याच्या कचेरीत, सून हॉटेलच्या स्वागतकक्षात. दोघं आपसात बरेचदा इंग्रजीत बोलत. आई वर्गाला जाते ते चार माणसांत मन रमावं म्हणून, अशी दोघांची समजूत होती.

त्याच सुमारास आंघोळ करताना बाईंच्या काखेत काहीतरी लागलं. मुलगा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. सुई घालून तपासणी झाली. रिपोर्ट आला त्या दिवशी मुलगा आत गेला आणि बाई बाहेरच्या बाकावर बसल्या. बाहेर येऊन तो म्हणाला, "चरबीची गाठ आहे, आई. काढून टाकू एक दिवस." बाईंनी मान डोलावली आणि वाटेत भाजी घेतली.

त्याला आठ दिवस झाले होते. शनिवारची दुपार होती. बाई स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या. बाहेरच्या खोलीत मुलगा आणि सून हलक्या आवाजात बोलत होते, दार अर्धं उघडं होतं. सून काहीतरी म्हणाली आणि त्यात लम्प आला.

बाईंना साधूच आठवला. त्या गालातल्या गालात हसल्या. आपल्याला कळलं, याचं त्यांना केवढं कौतुक वाटलं. मग मुलाच्या बोलण्यात हाइड आला. हाही आपला. त्या मटार सोलायच्या थांबल्या आणि पुढचा कुठला शब्द ओळखीचा निघतो म्हणून कान देऊन बसल्या. स्प्रेड आला. तिन्ही शब्द एका दमात सापडले होते. मंगळवारी सरांना सांगायला हवं.

एवढ्यात दाराच्या फटीतून त्यांना सून दिसली. बोलता बोलता तिचा हात स्वतःच्या काखेकडे गेला होता.

शेंग हातात तशीच राहिली. गोळा. लपवणं. पसरणं. त्यांनी ते तीन शब्द पुन्हा एकदा जुळवून पाहिले. फर्मे चुकून मागेपुढे लागले असतील तर बघावं, तसे. कसेही लावले तरी पुस्तक तेच होत होतं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग त्या भिंतीचा आधार घेत उठल्या आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"लम्प म्हणजे गोळा," त्या म्हणाल्या. "हाइड म्हणजे लपवणं. आता कुठे पसरलाय, तेवढं आपल्या भाषेत सांग."

मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. सून खाली बसली आणि तोंडावर ओढणी धरून रडायला लागली.

"आई, तुला कुठून..."

"मी काय विचारते?"

"पसरलाय असं नाही. पसरला असेल कदाचित, असं म्हणत होतो. बुधवारच्या तपासणीत कळेल. तुला आत्ताच कशाला घाबरवायचं, म्हणून..."

"कदाचित," बाई म्हणाल्या. याचा इंग्रजी शब्द गोष्टीत आला नव्हता.

"कॅन्सर आहे ना?"

मुलाने मान खाली घातली.

"आठ दिवस," बाई म्हणाल्या. "आठ दिवस माझ्या हातचं जेवलात."

त्या रडल्या नाहीत. आत जाऊन उरलेले मटार सोलले, कारण दुसरं काय करावं ते त्यांना सुचेना.

बुधवारी तपासणी झाली आणि शुक्रवारी डॉक्टरांकडे त्यांनी मुलाला बाकावर बसवलं. स्वतः आत गेल्या. डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं.

"मुलगा नाही आला?"

"बाहेर आहे. लम्प माझा आहे, डॉक्टर. मला सांगा."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली, कोऱ्या कागदावर हाताचं आणि काखेचं चित्र काढलं आणि पेनाने दाखवत गेले. कॅन्सर शेजारच्या दोन गाठींपर्यंत पोचला होता, त्यापुढे नाही. ऑपरेशन, मग पाच महिने औषधं. केस जातील. उजवा हात काही दिवस वर जाणार नाही.

"शिवायचं काम आहे माझं," बाई म्हणाल्या.

"व्यायाम केलात तर शिवाल."

तसंच झालं. केस गेले आणि परत आले. हातासाठी त्या रोज सकाळी भिंतीवर बोटं चढवत, आदल्या दिवसापेक्षा तसूभर वर. सातव्या महिन्यात त्या कारखान्यात परतल्या, तेव्हा मालकांनी सुरुवातीला नुसते फर्मे दुमडायला दिले.

आजार निवळला, पण त्या दुपारचा धक्का काही गेला नाही. घरात आता मुलगा आणि सून साबण संपल्याचंसुद्धा आपल्या भाषेत बोलतात, आणि तेही जरा मोठ्याने. कधी चुकून इंग्रजी शब्द निसटला की दोघं बाईंकडे बघतात. बाई मान वर करत नाहीत. पण हातातलं काम थांबलेलं असतं.