सतराव्या खिळ्यावरचा हूक

सैनिकी महाविद्यालयात एकतीस वर्षं मी पॅराशूटची घडी घालायला शिकवलं, आणि स्वतः कधी स्टुलावरूनही उडी मारली नाही. पोरं मला तोंडावर मास्तर म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते मी कधी विचारलं नाही. आमच्या हॉलचा नियम सोपा होता: आपल्या पॅराशूटची घडी आपणच घालायची आणि उडीही त्याच पॅराशूटने मारायची. म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडायची सोयच नाही. कमांडंट साहेब नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगत, की नेतृत्व वगैरे पुस्तकातलं नंतर शिका, आधी मास्तरांच्या हॉलमध्ये जा. ते ऐकून माझी छाती दरवर्षी दोन इंच फुगायची.

हॉलमध्ये चौदा लांबलचक टेबलं आणि भिंतीवर एक लाकडी फळा. फळ्यावर बेचाळीस खिळे, आणि प्रत्येक खिळ्यावर वीतभर लांबीचा एक पोलादी हूक. पॅराशूटच्या दोऱ्या रबरी फासांतून ओढून घ्यायला हा हूक लागतो. खिळ्याखाली हुकाची काळी आकृती रंगवलेली असते, त्यामुळे हूक जागेवर नसला तर ती आकृती उघडी पडते आणि लगेच डोळ्यात भरते. काम संपलं की मी प्रत्येक हुकाला हात लावून मोठ्याने हजेरी घ्यायचो. एक, आहे. दोन, आहे. असं बेचाळीसपर्यंत. कारण हूक चुकून घडीत राहिला आणि वर आकाशात दोऱ्या त्याला अडकल्या, तर पॅराशूट उघडत नाही. म्हणून एक जरी हूक कमी भरला तर एकच हुकूम असतो: पुन्हा उघडा. सगळीच्या सगळी पॅराशूटं. माझ्या एकतीस वर्षांत हा हुकूम एकदाही निघाला नव्हता. हे मी घरी इतक्यांदा सांगितलं होतं, की मी ‘एकतीस’ म्हटलं की पुढचं वाक्य बायकोच पुरं करायची.

त्या वर्षीच्या बेचाळीस कॅडेटांची कॅप्टन एक मुलगी होती. तिला सगळे फुटपट्टी म्हणत. उंच, किडकिडीत आणि सरळ, नाव अगदी शोभून दिसायचं. सुरुवातीला मला ती मुळीच आवडली नव्हती. फार प्रश्न विचारायची. हा फास असाच का, तसा का नाही? तळहाताला घाम येतो म्हणून तिने आपल्या सतरा नंबरच्या हुकाच्या मुठीला निळा दोरा गुंडाळला. मी रागावलो, तर म्हणाली की हे नियमात कुठे लिहिलंय ते दाखवा. मी रात्रभर नियमांचं पुस्तक चाळलं. कुठेच नव्हतं. तेव्हापासून तो दोरा मला दिसेनासा झाला.

शेवटचा आठवडा आला. आईवडील, भावंडं बघायला येणार, त्यांच्यासमोर सगळ्यांची उडी. सगळ्यांत आधी कॅप्टन उडी मारणार आणि बाकीचे नंबराप्रमाणे. दुसऱ्या दिवशी दीक्षान्त संचलन, त्यात महाविद्यालयाचा झेंडा कॅप्टनच्या हाती. आणि संचलनानंतर माझा निरोप समारंभ. ‘एकतीस वर्षं निष्कलंक’ असं कोरलेली ढाल तयार आहे, हे मला कार्यालयातल्या कारकुनाने आधीच फोडलं होतं. तेवढ्यासाठी मी नवा कोट शिवायला टाकला होता.

उडीच्या आदल्या दिवशी तीन पाळ्यांत घड्या घालून झाल्या. साडेपाचला शिंप्याकडे कोट घालून बघायचा होता आणि बायको फाटकाशी येऊन थांबली होती. मी पोरांना म्हटलं, जा तुम्ही, हजेरीचं मी बघतो. सगळे गेल्यावर फळ्याकडे नजर टाकली. सतराव्या खिळ्याखालची काळी आकृती उघडी होती. हूक खिशात राहून जातो, वर्षातून दोनतीनदा होतंच. हजेरीच्या वेळी खिसे झटकले की निघतो. पण आता खिसे झटकायला कोण होतं? म्हटलं, सकाळी घेऊन येईल. टेबलाच्या खणात माझा स्वतःचा जुना हूक होता, तो मी सतराव्या खिळ्यावर टांगला आणि रजिस्टरवर सही ठोकली. कोट अंगावर चपखल बसला. बायको म्हणाली, नवरदेव दिसताय.

सकाळी साडेसहाला मी हॉल उघडायला गेलो, तर फुटपट्टी दाराशी उभी. मी कुलूप काढताच ती सरळ फळ्यापाशी गेली.

“मास्तर, हा हूक माझा नाही,” ती म्हणाली. “माझ्या हुकावर निळा दोरा आहे.”

बुटाची नाडी आवळताना तिच्या हाताला अचानक आठवलं होतं, की काल आपण हूक टांगलाच नाही. मी तिला म्हटलं, अगं हूक तो हूक, तुझा कुठेतरी खोलीत पडला असेल. तिने खोली, खिसे, पिशवी, सगळं उलथंपालथं करून झालं होतं. मग मी आवाज खाली आणला. म्हटलं, फक्त तुझं पॅराशूट उघडू, मी हातभार लावतो, वीस मिनिटांत पुन्हा घडी होईल, कुणाला कळायचंही नाही.

ती डगमगली होती, हे मला साफ दिसलं. तिचे वडील बस चालवत. जन्मात पहिल्यांदा सलग चार दिवसांची रजा टाकून ते मुलीची उडी बघायला आले होते, आणि हे तिनेच मला आठवडाभर आधी सांगितलं होतं.

“काल मी तिन्ही पाळ्यांत सगळ्यांच्या टेबलांवर दोऱ्या ओढायला मदत केली,” ती म्हणाली. “हातात हूक होता. तो कुणाच्याही पॅराशूटमध्ये असेल.”

मग तिने फळ्याकडे बघितलं, माझ्या उघड्या खणाकडे बघितलं आणि शेवटी माझ्याकडे. तिच्या लक्षात आलं. ती कमांडंट साहेबांच्या खोलीकडे निघाली आणि मी मुकाट्याने तिच्या मागे.

साहेब हळू आवाजात बोलणारा माणूस. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की कालची हजेरी तर पूर्ण आहे, मग हूक गेला कसा?

“माझा हूक माझ्याकडून राहिला, सर,” ती म्हणाली. “फळ्याचं मास्तर सांगतील.”

तिने मला पाठीशी घातलं नाही आणि माझ्याकडे बोटही दाखवलं नाही. माझं मला सांगता यावं एवढीच जागा ठेवली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

“रजिस्टरवर सही आहे, सर,” मी म्हणालो.

वाक्य खरं होतं. खरं बोलून इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. साहेबांनी एवढंच म्हटलं: पुन्हा उघडा. आजची उडी रद्द, उद्या पहाटे संचलनाआधी घेऊ. तिचं कॅप्टनपद गेलं आणि झेंडाही दुसऱ्याकडे गेला. ती “येस सर” म्हणाली आणि वळली.

हॉलच्या खिडकीतून समोरचं मैदान दिसायचं. तिथे खुर्च्या मांडून झाल्या होत्या, लोक येऊन बसायला लागले होते. कुणाच्या गळ्यात दुर्बीण, कुणाच्या कडेवर लेकरू. आत एक्केचाळीस कॅडेट उडीच्या पोशाखात उभे होते. फुटपट्टी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“माझा हूक घडीत राहिलाय,” ती म्हणाली. “कुणाच्या, ते मला माहीत नाही. सगळी उघडावी लागतील. आजची उडी माझ्यामुळे गेली.”

चार वाक्यं. त्यात एकही ‘पण’ नाही, एकही ‘झालं असं की’ नाही. मग तिने बाहीवरची कॅप्टनची पट्टी सोडली आणि टेबलावर ठेवली.

मला वाटलं, आता ही पोरं हिला फाडून खाणार. त्यांच्यात एक धिप्पाड गडी होता, सगळे त्याला पैलवान म्हणत. दिवसभर टिंगल करण्यापलीकडे त्याला काही सुचत नसे. त्याचे म्हातारे आजीआजोबा दोन दिवसांचा प्रवास करून आले होते. तो पुढे झाला, फडताळातून एक पॅराशूट काढलं, टेबलावर टाकलं आणि म्हणाला, “चल फुटपट्टी, पहिलं तुझंच उघड. निघाला तर बाकीच्यांची झोप होईल.”

कुणीतरी हसलं, आणि चौदा टेबलांवर चौदा पॅराशूटं आली.

पुढचं दृश्य मी कसं सांगू? एकतीस वर्षांत या हॉलमध्ये मी हजारो घड्या बघितल्या होत्या, पण तोंडं आवळून आपलंच काम उसवणारी बेचाळीस पोरं कधी बघितली नव्हती. पांढरं कापड टेबलांवरून दुधासारखं उतू जात होतं. दोरी न् दोरी बोटांखालून जात होती. आणि ते सगळं तिलाच विचारत होते. आता कुठलं घेऊ? ही दोरी कुणी तपासली? तिच्या बाहीवर काही नव्हतं, पट्टी टेबलावर पडून होती, तरी हॉल तिच्याच शब्दावर चालला होता. मी कोपऱ्यात उभा राहून बघत होतो आणि माझ्या अंगावर काटा आला होता. असं काही आपण शिकवलंय, असं मला मुळीच वाटलं नाही. हे आमच्याकडे शिकायला आलेल्या पोरीकडे होतं, आणि माझ्याकडे नव्हतं.

तिचं पॅराशूट कोरं निघालं. पहिली चौदाच्या चौदा कोरी निघाली. आता त्यांच्या घड्या घालायच्या, म्हणजे फळ्यावरचे हूक काढायचे, आणि हूक काढण्याआधी हजेरी घ्यायचा नियम. कमांडंट साहेब दाराशी येऊन उभे होते.

“मास्तर, हजेरी घ्या,” फुटपट्टी म्हणाली.

मी फळ्यापाशी गेलो. एक, आहे. दोन, आहे. माझा आवाज नेहमीसारखा खणखणीत होता. सोळा, आहे. मग हात सतराव्या हुकावर गेला. माझाच हूक, मुठीपाशी झिजलेला, माझ्या बोटांना पाठ असलेला. ‘आहे’ म्हटलं असतं तरी कुणी हटकणारं नव्हतं. जिला माहीत होतं ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती समोर भिंतीकडे बघत उभी होती, माझी लाज राखावी तशी.

मी हूक खिळ्यावरून काढला आणि खिशात टाकला.

“सतरा, नाही,” मी म्हणालो. “कालसुद्धा नव्हता. मी माझा टांगला आणि सही केली. मला शिंप्याकडे जायचं होतं.”

शिंप्याचं खरं तर सांगायची गरज नव्हती. पण एकदा सुरुवात केल्यावर माझ्याच्याने थांबवेना. साहेबांनी मला रजिस्टरमध्ये तसं लिहायला सांगितलं. कालची हजेरी खोटी, असं लिहून मी खाली सही केली, आणि ती सही माझी वाटेना इतकी वाकडी आली. पुन्हा फळ्याकडे वळवेना. तेवढ्यात फुटपट्टी माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

“अठरा, मास्तर,” ती हळूच म्हणाली.

मी अठराव्या हुकाला हात लावला. अठरा, आहे. एकोणीस, आहे. बेचाळीसपर्यंत गेलो.

हूक दुपारी सापडला, तिसऱ्या खेपेला, एकोणचाळीस नंबरच्या पॅराशूटमध्ये. दोऱ्यांच्या जुडग्यात आडवा अडकून बसला होता, निळ्या दोऱ्यासकट. एकोणचाळीस नंबर पैलवानाचा. त्याने हूक बाहेर काढला, हातात धरला आणि तसाच जमिनीवर बसला. खिडकीतून त्याची आजी दिसत होती, पदराने वारा घेत बसलेली. बऱ्याच वेळाने तो उठला आणि हूक फुटपट्टीच्या हातात दिला.

“दोरा सोडू नकोस,” तो म्हणाला. त्या दिवशी त्याने दुसरी टिंगल केली नाही.

ढाल मला नको, असं मी कारकुनाला सांगून आलो. घरी बायकोला सगळं सांगितलं आणि कोट घालणार नाही म्हणालो. ती म्हणाली, घाला हो, कोटाने काय तुमचं वाकडं केलंय?

म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे मी कोट घालून मैदानात उभा होतो. शेजारी खाकी सदऱ्यातले एक गृहस्थ मान वर करून बघत होते. सतरा नंबरची माझी मुलगी, असं त्यांनी आपणहून सांगितलं. मग जरा चाचरत विचारलं, “ती सगळ्यांच्या आधी उडी मारणार होती ना?”

“सगळ्यांच्या आधीची तिने काल मारली,” मी म्हणालो. “आमच्या हॉलमध्ये. मी समोरच होतो.”

त्यांना किती कळलं कोण जाणे. विमान आलं. पहिल्या फेरीत चौदा ठिपके सुटले आणि चौदा पांढऱ्या छत्र्या उमलल्या. मी मोठ्याने मोजत होतो आणि बायको कोटाची बाही ओढत होती, की मोजताय कशाला, नुसतं बघा. दुसरी फेरी आली. पंधरा, आहे. सोळा, आहे. मग एक ठिपका सुटला आणि खाली येत राहिला, इतका वेळ की माझं मोजणं थांबलं. ते गृहस्थ माझा दंड घट्ट धरून होते. आणि छत्री उघडली.

“सतरा,” मी म्हणालो, “आहे.”

गृहस्थ डोळे पुसत होते. माझंही तेच चाललं होतं आणि पुढचं काही दिसेना. पण वर अजून पंचवीस जण यायचे होते. अठरा, मास्तर, असं मी स्वतःलाच म्हटलं आणि पुढे मोजायला लागलो.