पातळ पाईपची सायकल

घरात काहीही हलता कामा नये, असा आमच्या ह्यांचा कायदा आहे. ह्यांनी, म्हणजे दिनानाथांनी, जन्मभर तळोज्याच्या कारखान्यात वाफेचे पाईप जोडले. पाईप थरथरला की ह्यांचा जीव वरखाली. कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये ह्यांनी बसवलेला कपडे वाळत घालायचा दांडा उद्या इमारत पडली तरी तिथेच लटकत राहील.

निवृत्तीनंतर रोज सकाळी दोघांनी सायकलवरून फिरायचं ठरलं होतं. ह्यांच्या शिफ्टा आणि माझी नोकरी, यात आम्ही सोबत असे कुठे गेलोच नव्हतो. त्यामुळे मला फार हौस होती. माझी सायकल ह्यांनी स्वतः बनवली, पावणे गावात कुंदनच्या शेडमध्ये. कुंदन ह्यांचा कारखान्यातला जुना सोबती. जाड पाईप, पुढचं चाक धरणारा सरळसोट चिमटा, सांध्यासांध्याला वरून पट्ट्या. हत्ती बसला तरी वाकली नसती, पण मी हत्ती नाही. चाकाखाली खडा आला की तो थेट मनगटात कळायचा. बोटांना मुंग्या यायला लागल्या आणि मी जाणं बंद केलं. हे एकटेच जायचे आणि लगेच परत यायचे. त्यांचं उतरलेलं तोंड बघून मला रागही यायचा आणि वाईटही वाटायचं.

शेवटी कुंदनने समजावलं, की सायकलचं लोखंड थोडं लवलं पाहिजे, धक्का त्यानेच खाल्ला पाहिजे. पाईप पातळ हवा, चिमटा बारीक आणि पुढे वळलेला. मुलीला बघायला आलेल्या बेकार मुलाकडे बघावं तसं ह्यांनी त्या पातळ पाईपकडे बघितलं.

तरी दुसरी सायकल झाली. निळी. मी गतिरोधकावरून गेले आणि हसायलाच लागले, मागून धक्का आलाच नाही. पण सिग्नल येईतो मनगटं पुन्हा ठणकायला लागली. मी उतरले. एकाच सायकलची मागची बाजू मऊ आणि पुढची दगड, हे कसं? हे मान खाली घालून ब्रेकची तार तपासत होते. काही लपवायचं असलं की हे तारा तपासतात.

"चिमट्यात काय घातलंय?" मी विचारलं.

"आतून दुसरा पाईप," ते तार न सोडता म्हणाले. "कुंदनला पण माहीत नाय."

"कशाला पण?"

"कारखान्यात पातळ पाईप फुटलेला बघितलाय मी, जयू. तिथे बाजूला माणसं होती. इथे तू हायस."

माझा राग कुठल्या कुठे गेला. रडूच येणार होतं, पण मनगटं काही ऐकेनात.

"मग ठरवा," मी म्हटलं. "तुमाला चिमटा मजबूत पायजे, की मी सोबत पायजे?"

नवा चिमटा त्यांनी आतून मोकळाच ठेवला. सायकलवर सिमेंटची पोती रचून बघितली, मग स्वतः बसून बघितलं, आणि एकदाची ती माझ्या हातात दिली.

खारघरच्या रस्त्याला हे माझ्या शेजारून चालवत होते, नजर माझ्या चिमट्यावर. खड्डा आला की चिमटा जरासा लवायचा आणि ह्यांचा श्वास अडकायचा. रस्त्याकडे बघा, असं मी दोनदा बजावलं. मग मनगट दुखतंय का, हे विचारायला त्यांनी मान वर केली. नाही म्हटलं. खरंच दुखत नव्हतं. त्यानंतर ते चिमट्याकडे बघायचं विसरले आणि कुंदनच्या बायकोच्या बोंबलाच्या कालवणाबद्दल बोलत राहिले. जोडीने रस्ता अडवल्याबद्दल एका रिक्षावाल्याने आम्हाला शिवी दिली, ती आम्ही दोघांनी मिळून खाल्ली.