वाटाण्याएवढी गाठ

"मावशी, आज तुम्ही बाहेर बसा. मी दुसऱ्या कुणाला तरी बोलावते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कुणाला बोलावणार, बाई? तुकडा कापायला माझ्याशिवाय आहे कोण इथे?"

ते खरंच होतं. ऑपरेशन चालू असतानाच गाठ खाली प्रयोगशाळेत यायची. मावशी तुकडा गोठवून कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायच्या, रंगवायच्या आणि बाई तो बघून फोनवर सांगायच्या, साधी की वाईट. मावशींचा उभा जन्म यातच गेला. माणसं त्यांना कधी दिसलीच नाहीत, दिसले ते तुकडे. आजची गाठ मात्र त्यांच्या तान्ह्या नातवाची होती.

आंघोळ घालताना ती लेकीच्या बोटांना लागली होती. सोनोग्राफीत दिसली, एका वृषणात, वाटाण्याएवढी. रक्तातला कर्करोगाचा इशारा देणारा आकडा वाढलेला पाहून लेकीचं धाबं दणाणलं, पण एवढ्याशा बाळांमध्ये तो वाढलेलाच असतो, त्यावरून काही ठरत नाही. ठरणार होतं ते इथे. साधी निघाली तर नुसती गाठ काढून भागणार, वाईट निघाली तर अख्खं वृषण जाणार. वर सर्जन रक्तवाहिनीला चिमटा लावून थांबले होते.

मावशींनी गाठीचे दोन भाग केले. एरवी झपाझप चालणारा हात आज भलताच हळुवार झाला. तुकड्याला दुखेल की काय, असं वाटत होतं. गोठवायच्या यंत्रातून पांढरी वाफ वर येत होती. त्या वाफेत बाळ पाय उडवत हसलं, दुडूदुडू चाललं, दाढी फुटलेला बाप्या होऊन दारात उभं राहिलं...

"मावशी, हे काय? नुसती जाळी दिसतेय!" सूक्ष्मदर्शकात बघत बाई म्हणाल्या.

सावकाश गोठलं की आत बर्फाचे कण धरतात आणि कापाची चाळणी होते. नवशिक्या मुलींना मावशी हेच तर ओरडून सांगायच्या. तेवढ्यात वरून फोन वाजला.

"थांबा जरा. परत बघतेय," बाई शांतपणे म्हणाल्या.

मावशींनी उरलेला भाग उचलला. हा कुणाचाच नाही, असं स्वतःला बजावलं आणि झटक्यात गोठवला. काचेवर गुलाबी-जांभळा काप अलगद पसरला. बाई कितीतरी वेळ डोळा लावून बसल्या.

"साधीच आहे," त्या फोनवर म्हणाल्या. "बाकीचं जागेवर ठेवून शिवून टाका."

मावशी तिथल्या तिथे स्टुलावर बसून घळाघळा रडल्या.

वर गेल्या तेव्हा बाळ झोपलं होतं.

"आई, इतका वेळ का गं लागला? जीव टांगणीला लागला होता माझा."

"माझ्यामुळे. पहिला तुकडा मी बिघडवला."

"तू? तुझ्या हातून?"

"त्याचा होता ना गं."

पलंगावर सरकून लेकीने आईला जागा करून दिली. मावशींनी बाळाच्या गालाकडे हात नेला, पण बोटं अजून गारठलेली होती. त्यांनी ती काखेत धरली आणि ऊब येईपर्यंत बाळाकडे नुसत्या बघत बसल्या.