जुनेलचं बोट तेवीसवर का थांबलं

त्या शनिवारी ओबी क्रेनशॉच्या केशकर्तनालयात इतकी गर्दी होती, की गेली वीस वर्षं डोक्यावर एकही केस नसलेले चर्चचे डीकन पर्व्हिससुद्धा रांगेत उभे होते. टिलरी गावातली झाडून सगळी माणसं हात धरून उभी केली, तरी कापसाच्या एका शेताला कुंपण व्हायचं नाही. पण त्या दिवशी पायऱ्यांवर, खिडकीत, समोरच्या पेट्रोल पंपावर माणसंच माणसं. शेजारच्या जिल्ह्यातून एक म्हातारी काखेत कोंबडी घेऊन आली होती. कोंबडी कशासाठी, हे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही.

सगळे आले होते ओबीच्या नातीसाठी. जुनेल, वय वर्षं नऊ. ही पोर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभी राहायची. कुणीही मनातली तारीख कागदावर लिहावी, कागद ओबीच्या नजरेखालून जावा, की जुनेल एकेका आकड्यावरून बोट सरकवत नेमकी त्या तारखेवर थांबायची. मागं वळून बघणं नाही, काही नाही. सहा आठवड्यांत एकदाही चुकली नव्हती.

खेळ म्हणून सुरू झालेल्या या गोष्टीचा चमत्कार केला लुशियस ग्रेडी यांनी. हे स्वतःला देवाचे संदेष्टे म्हणवत, जांभळा सूट घालत आणि गावोगाव तंबू ठोकून प्रवचनं देत.

"भावांनो, बहिणींनो," ते आजही सांगत होते, "हे बोट या लेकराचं नाही, वरच्याचं आहे. कागद आजोबांच्या डोळ्यांखालून का जातो? रक्त रक्ताला हाक मारतं. वीज जाते तारेतून, कृपा जाते रक्तातून. ज्या तारखेवर बोट थांबलं, तिच्यावर स्वर्गाचा शिक्का पडला."

विजेचा आणि कृपेचा काय संबंध, हे कुणी विचारलं नाही. विचारायला मधे जागा लागते आणि संदेष्टे श्वास घ्यायला थांबतच नसत. शिक्क्याची गंमत अशी, की तो माणसानं स्वतःच लिहिलेल्या तारखेवर पडायचा. लॉटी काकूंना डॉक्टरनं डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अठरा तारीख दिली होती. त्यांना भीती वाटत होती, म्हणून त्यांनी कागदावर लिहिलं तीस. बोट तीसवर थांबलं. काकू डोळा तसाच घेऊन निर्धास्त घरी गेल्या.

आणि खुर्चीमागं उभा ओबी? त्याच्या मनात काय चाललं होतं, ते त्या गर्दीत एकालाही ठाऊक नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी त्याची बायको गेली. लेक, म्हणजे जुनेलची आई, शिकागोला गेली ती नाताळच्या कार्डापुरती उरली. दुकानात गिऱ्हाईक कमी, घरात आवाज कमी. जुनेल शाळेतून आली की तेवढं दोघांचं जग. आता शहरातल्या शाळेचं पत्र आलं होतं. ती मॅग्नेट स्कूल. सगळ्या वस्त्यांतली काळी-गोरी मुलं परीक्षा घेऊन निवडायची आणि एकत्र शिकवायची. जुनेल परीक्षेत पहिल्या पाचांत होती. पण शहर पन्नास मैल. म्हणजे सोमवार ते शुक्रवार ती तिथल्या मावशीकडे राहणार. फॉर्मवर सही करून टपालात टाकायचा आज शेवटचा दिवस.

उलट संदेष्टे म्हणत होते, शाळेच्या चार भिंतींत ही देणगी वाळून जाईल. सोमवारी माझ्या गाडीत बसा, गावोगाव फिरू, आजोबा आणि नात, दोघं बरोबर. ओबीला त्या सगळ्या प्रवचनातला एकच शब्द ऐकू आला होता: बरोबर.

तेवढ्यात हॉपसन बाई आत आल्या. चौथीच्या वर्गशिक्षिका, परीक्षेला जुनेलला याच घेऊन गेल्या होत्या. त्यांना बघून निम्म्या गर्दीनं सवयीनं च्युइंग गम गिळलं.

"मलाही एक तारीख विचारायचीय," बाई म्हणाल्या.

त्यांनी एक कागद दुकानभर फिरवला. ओबी आणि जुनेल सोडून सगळ्यांनी वाचलं: अकरा. मग कागदाची घडी पर्समध्ये टाकून पुन्हा बाहेर काढली आणि ओबीच्या हातात दिली. ओबीनं उघडून पाहिली, खिशात ठेवली आणि नेहमीसारखा खुर्चीत बसलेल्या डीकनांच्या टकलाभोवती कात्री चालवू लागला. कात्री कापायला काही नसलं तरी चालत राहते. चाळीस वर्षांचा हात आहे.

जुनेलचं बोट निघालं. नऊ, दहा, अकरा. लोकांनी श्वास रोखला. बोट पुढं गेलं. बारा, तेरा… आणि थांबलं तेवीसवर.

दुकानात कुजबुज उठली. संदेष्टे लगेच म्हणाले, की खोलीत कुणीतरी अश्रद्ध आहे, म्हणून कृपेला ठेच लागली.

"ओबी, तुमच्या खिशातला कागद वाचा," बाई म्हणाल्या.

ओबीनं वाचला. तेवीस.

"कागद दोन होते," बाई शांतपणे म्हणाल्या. "वरच्याला तर दोन्ही माहीत असणार. पण बोट थांबलं ते फक्त ओबींना माहीत असलेल्या आकड्यावर. आता पुन्हा. या वेळी कात्री खाली ठेवा आणि दोन्ही हात खिशात."

नवा कागद आला. ओबीनं वाचला, हात खिशात घातले. दुकान इतकं शांत झालं की कोंबडीचा श्वास ऐकू येत होता. जुनेलचं बोट एकवरून निघालं आणि कुठंही न थांबता एकतीस ओलांडून भिंतीवर गेलं.

संदेष्ट्यांनी टोपी शोधायला सुरुवात केली.

"मी तोंडसुद्धा उघडत नव्हतो," ओबी म्हणाला. "देवाशपथ सांगतो, बाई."

जुनेल वळली. "तुम्ही नाही हो आजोबा. तुमची कात्री. बोट बरोबर आकड्यावर आलं की ती एक ठोका चुकते."

"तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"मग बोलली का नाहीस?"

"दुकानात माणसं यायला लागली होती," जुनेल म्हणाली. "आजी गेल्यावर तुम्ही रिकाम्या खुर्चीशी बोलायचात. मी बाहेरून ऐकायची." तिनं आणखी सांगितलं, की तिच्याशीही आता वर्गात कुणी खेळत नाही, ती बोट लावेल म्हणून पोरं लांब पळतात.

डीकन खुर्चीतून उठले, गळ्याभोवतीचं कापड स्वतःच सोडलं आणि बाहेर गेले. त्यांच्यामागं बाकीचे. लोक संदेष्ट्यांवर चिडले नाहीत, चिडले बाईंवर. हातातला चमत्कार काढून घेतला की माणूस तसंच करतो. संदेष्टे तोवर गाडीत बसले होते. नंतर कळलं, की जाताना त्यांनी त्या म्हातारीकडे कोंबडीची चौकशी केली होती.

दुकानात तिघं उरले. बाईंनी फॉर्म पुढं केला आणि सांगितलं, की चमत्कार खोटा असला तरी पोरीचा कान खरा आहे, डोकं त्याहून खरं. एका ठोक्यावरून जी आकडा काढते, तिला भिंतीपेक्षा मोठं काहीतरी बघायला मिळायला हवं.

ओबीनं बराच वेळ फॉर्म वाचला. मग सही केली आणि टपाल निघायच्या आत स्वतः जाऊन टाकला.

शहरातली शाळा सुरू झाली. पहिल्या सोमवारी सकाळी जुनेलची बस गेली. मंगळवारी एकही गिऱ्हाईक आलं नाही. बुधवारी लॉटी काकू आल्या, एका डोळ्यानं अंदाज घेत, हातानं दार चाचपत. तीस तारीख येऊन गेली होती आणि त्यांनी ऑपरेशन पुन्हा पुढं ढकललं होतं. ते सगळं खोटं होतं म्हणतात, पण तरी पोरीला एकदा बोट लावू दे की, असं त्यांचं म्हणणं.

ओबीनं त्यांना बसवलं. "काकू, ते बोट माझ्यामुळं थांबायचं आणि मी तुम्ही लिहिलेलं वाचायचो. म्हणजे तुमचीच भीती फिरून तुमच्याकडं यायची. डोळ्याचं डॉक्टरला कळतं. त्याला आत्ता फोन लावा, मिळेल ती पहिली तारीख घ्या. मी येतो बरोबर."

काकूंनी फोन लावला. निघताना दारात थांबल्या. "एकटं वाटत असेल ना रे, ओबी?"

"फार वाटतं," ओबी म्हणाला. "पण त्यावर औषध म्हणून लेकराला भिंतीपाशी उभं करायचं नसतं."