निशाणी चाक

पेठेच्या चावडीवर दर बुधवारी पंच बसत, आणि एकदा बसले की लवकर उठत नसत. ही पेशवाईतल्या पुण्याची गोष्ट. कात्रजचं पाणी नळानं शहरात येऊन फार दिवस झाले नव्हते. पेठेला नवा हौद मिळाला होता आणि हौदापाठोपाठ नवी भांडणंही मिळाली होती.

त्या बुधवारी भांडण होतं एडक्याचं. वाण्याच्या एडक्यानं हौदावर तीन बायांना धडक मारून त्यांच्या घागरी सांडल्या होत्या. एडका बांधावा की विकावा, बांधावा तर कुठं, आणि दोर कुणी द्यायचा, यावर पंचांची दीड घटका गेली. पेठेचे शेटे दिगंबरशेट लोडाला टेकून बसले होते. ते म्हणाले, "एडक्याला बोलवा. त्याचंही म्हणणं ऐकून घेऊ." सगळे हसले. चावडीवर शेटे बोलले की हसायचंच असतं.

सरुबाई कुंभारीण पायऱ्यांशी नवा माठ घेऊन उभी होती. फाल्गुन सरता सरता चावडीला पाण्याचा नवा माठ द्यायचा, ही कुंभाराची रीत. तिचा नवरा रखमाजी होता तोवर तो द्यायचा. तो तापानं गेला तेव्हापासून अकरा वर्षं ती देत होती. माठ ठेवायचा आणि जाता जाता शेजारच्या दत्तोबा सुताराला सांगायचं की चाकाचा एक आरा तडकलाय, लेकीच्या, मैनेच्या, लग्नाच्या गडबडीतून सवड काढून बघून जा, एवढंच तिचं काम होतं. दत्तोबा वर पंचांच्या मागं बसलाच होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं, पण त्यानं पाहिलं नाही. एडक्याच्या गोष्टीत रमला असेल, असं तिला वाटलं.

एडका निकालात निघाला. मग श्यामजीपंत कारकुनांनी पुढचा कागद उचलला आणि जेवणाआधीचा श्लोक म्हणावा तसा एका दमात वाचून टाकला. "सरुबाई कोम रखमाजी कुंभार इणे राजीखुशीने लिहून दिल्हे ऐसे जे, पेठेतील आपला मडकी भाजायचा आवा मोडून नदीपलीकडे भांबुर्ड्याचे अंगास नेऊ. शेजारील शिलेदारांचे माडीस धुराचा उपद्रव होतो, तो दूर करू. यास साक्ष पेठकरी: निशाणी वाकस, निशाणी आरसा, निशाणी रापी. खुद्द निशाणी बांगडी. पुढचं, गटाराचं."

एडक्याला दीड घटका लागली होती. सरुबाईचा जन्म एका श्वासात उरकला.

तिला आधी वाटलं, दुसरीच कुणी सरुबाई असेल. मग रखमाजीचं नाव कानात शिरलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. माठ पायरीवर ठेवून ती दोन पायऱ्या वर चढली. बायांनी तिथवर चढायचं नसतं.

"कुणी लिहून दिलं?"

"तुम्हीच, बाई," श्यामजीपंत म्हणाले. "तुमची निशाणी आहे की खाली."

"दावा."

कागद दाखवायला त्यांची काही हरकत नव्हती. बाईला अक्षर कुठं येतंय! पण निशाण्यांना अक्षर लागत नाही, म्हणून तर त्या असतात. सुतारानं वाकस काढायचा, न्हाव्यानं आरसा, चांभारानं रापी, कुणब्यानं नांगर. बाईमाणूस असली की गोल काढून बांगडी. श्यामजीपंतांनी आयुष्यात शेकडो बांगड्या काढल्या होत्या, हात आपसूकच वळायचा. इथंच पंतांचं चुकलं.

सरुबाईनं दोन्ही हात पुढं केले. कोपरापर्यंत वाळलेली माती आणि मनगटं मोकळी.

"बांगडी कुठं हाय माझ्या हातात? अकरा वर्सं झाली फुटून. आन् माझी निशाणी बांगडी न्हाईच. माझी निशाणी चाक हाय. ह्याच चावडीनं दिलीया. काढा दप्तर!"

म्हाताऱ्या पंचांना ते आठवत होतं. कुंभाराच्या बाईनं चाकाला हात लावायचा नसतो. माती तुडवावी, मडकी वाळवावीत, बाजारात बसावं. चाक मात्र पुरुषाचं. रखमाजी गेला तेव्हा भर उन्हाळा होता, पेठेत माठ नव्हते आणि दुसरा कुंभार येईना. तेव्हा याच पंचांनी खल करून ठरवलं की सरुबाईनं चाक चालवावं, आणि चालवील त्याचीच चाकाची निशाणी. गरज पेठेची होती, उपकार मात्र तिच्यावर झाले. त्या दिवशी तिच्या बाजूनं एकटा दत्तोबा उठून बोलला होता. "चाक म्या घडवलंय, त्यावर कोन बसनार ते म्या सांगतो," असं म्हणाला होता. त्या शब्दावर तिनं अकरा वर्षं काढली.

दिगंबरशेटांनी लोडावरचा हात बदलला. "श्यामजीपंत, एवढं काय त्यात? बांगडी खोडा आणि चाक काढा."

पंतांनी खरंच चाकू उचलला आणि कागद खरवडायला घेतला.

"अवो, म्या न्हाई म्हनते हितं उभी ऱ्हाऊन, आन् तुम्ही माझं चाक काढताय?" सरुबाईचा आवाज हौदापर्यंत गेला. पाणी भरणाऱ्या बाया थांबल्या. "नदीपल्याड आवा नेऊ? चाक हितं, माती हितं, आन् कच्ची मडकी डोईवर घेऊन नदी वलांडू? चार म्हैने पूर असतुया, तवा काय पाण्यात भाजू? आवा गेला की चाक गेलं, आन् चाक गेलं की म्या गेले. म्या राजी हाय म्हनून कुणी सांगितलं तुमास्नी?"

"तुमच्याच शेजाऱ्यानं," शेटे कंटाळून म्हणाले. "दत्तोबा सुतार बोलला, बाई राजी आहे, निशाणी मांडून घ्या. तुमच्या घरचा माणूस म्हणून विश्वास ठेवला. आमचं चुकलंच."

सरुबाईनं कागदाकडं पुन्हा पाहिलं. वाकस. पहिलीच निशाणी. दांडा जरा डावीकडं झुकलेला, पात्याखाली छोटी रेघ. तिनं तो वाकस चाकाच्या लाकडावर पाहिला होता, घराच्या उंबऱ्यावर पाहिला होता. हा कुणी खोटा काढलेला नव्हता. संपत न्हाव्याचा आरसाही खरा होता. रापीही खरी होती. अख्ख्या कागदात खोटी निशाणी एकच होती, आणि ती तिची.

बांगडी बघून तिला राग आला होता. वाकस बघून तिला ओरडावंसंही वाटेना. परक्यानं मारलं तर माणूस ओरडतं तरी. केसानं गळा कापतात तो आपल्याच माणसाचा.

"भावजी," ती म्हणाली. "तुमी?"

दत्तोबा जमिनीकडं बघत होता. शिलेदाराच्या नव्या घराचं सगळं लाकूडकाम त्याच्याकडं आहे, हे पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं. दारं, तुळया, माडीचा कठडा. आणि जिच्या खिडकीत धूर शिरत होता तीच माडी.

शेट्यांना जेवायला उशीर होत होता. "बाईंची हरकत दिसते. तेव्हा पुढल्या बुधवारी पुन्हा ऐकू. तोवर तंट्याच्या जागी आवा पेटवायचा नाही, चावडीची मनाई. गटाराचं वाचा."

तेव्हा कुठं दत्तोबानं मान वर केली. मैनेचं लग्न सोमवारी होतं. बोहल्याच्या चार कोपऱ्यांना रचायच्या उतरंडी, वीस मडकी, सरुबाईच्या अंगणात कच्ची वाळत पडली होती. उद्या आवा लागणार होता. हे त्याला आत्ता आठवलं, आणि ते त्याच्या तोंडावर उमटलेलं सरुबाईनं पाहिलं. शहाणा माणूस! दुसऱ्याची चूल विझवताना आपला भात तिच्यावरच शिजतोय हे विसरला.

नवा माठ तिनं चावडीवर ठेवला नाही. डोक्यावर घेऊन परत गेली.

दत्तोबा गुरुवारी आला नाही. शुक्रवारी सकाळी आला, तो अंगणाच्या कडेला उभा राहिला. एरवी सरळ ओसरीवर येऊन पाणी मागायचा.

"वैनी."

ती चिखल तुडवत होती, तुडवतच राहिली.

"वैनी, मडकी… मैनेची."

"ती काय, वाळलीत. घेऊन जा."

"भाजल्याबिगर?"

"आवा पेटवायला मनाई हाय. म्या तर राजी हाय नव्हं? तूच म्हनलास." भावजीचा 'तू' झाला होता. "कसब्यातल्या कुंभाराकडं जा की. पर त्यो इचारंल, तुमच्या पेठंची कुंभारीण मेली का? मग सांग त्याला, व्हय, मेली, म्याच मारली."

हे खरं होतं. एका पेठेच्या कुंभाराच्या हक्कात दुसरा कुंभार एक पणतीसुद्धा घालत नसे, तशी रीतच नव्हती. दत्तोबा काल कसब्यात जाऊन हात हलवत परत आला होता; ते त्यानं सांगितलं नाही आणि तिला सांगायची गरजही नव्हती.

"घर चालवायचं हाय, वैनी. शिलेदाराचं काम गेलं तर दोन वर्सं हातात काय न्हाई. त्यो म्हनला, शेजाऱ्यांच्या निशाण्या आन, तर काम. म्या म्हनलं, नदीपल्याड तर जायचंय, मरायचं थोडंच हाय."

सरुबाई चिखलातून बाहेर आली. तिनं रांगेतलं एक मडकं उचललं, सुरेख वाळलेलं, पातळ, बोटानं टिचकी मारावी असं. ते तिनं दत्तोबाच्या दोन्ही हातांत दिलं. मग तांब्या घेतला आणि त्या मडक्यात पाणी ओतलं.

"धर. सोडू नगंस."

तो धरून उभा राहिला. आधी काहीच झालं नाही. मग बूड काळं पडलं, मऊ पडलं, बोटं आत रुतली. बघता बघता बूड सुटलं आणि पाण्यासकट चिखल त्याच्या पायांवर पडला. हातात नुसती काठाची चकती राहिली.

"ह्ये माझं नदीपल्याड जाणं," ती म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता, आणि तो जास्त भीतीदायक होता. "पोरीवर माझा राग न्हाई. मैना ह्याच अंगणात रांगली. तिची मडकी म्या रातोरात वळली, बिन बोलता. चावडीवर जा, खोटं बोललो म्हन, तुझा वाकस खोड. त्याच दिशी आवा लावते. न्हाईतर ह्यी एकुनीस घेऊन जा आन् रच उतरंड."

तो हात न धुताच गेला. शिलेदाराच्या घराकडं वळला की चावडीकडं, ते तिनं वाकून बघितलं नाही. बघावंसं फार वाटलं, पण नाही बघितलं.

दुपारी हौदावरच्या बायांनीच बातमी आणली. दत्तोबा चिखलाच्या हातांनी चावडीवर गेला होता. बैठकीचा वार नव्हता, श्यामजीपंत एकटेच विडा लावत बसले होते. ते म्हणाले, निशाणी एकदा दिली की ती खोडता येत नाही. दत्तोबानं तसाच चिखलाचा हात कागदावर ठेवला आणि ओरडून सांगितलं, "बाई राजी नव्हती. म्या खोटं बोललो. आता वाचा ह्यो कागद!" चार माणसं जमली. संपत न्हावीही मान खाली घालून पुढं आला, माझाही आरसा काढा म्हणाला. शेट्यांना घरून बोलवावं लागलं. चिखलानं माखलेला कागद त्यांनी दोन बोटांत धरला आणि म्हणाले, "असला कागद दप्तरात ठेवला तर दप्तराला वाळवी लागेल. फाडा. शिलेदारांना कळवा, खिडकी दुसऱ्या अंगाला पाडावी."

संध्याकाळी सरुबाईनं आवा लावला. धूर सरळ माडीच्या खिडकीत गेला. तिनं तो मुद्दाम घालवला नव्हता, वाराच तसा होता.

शिलेदारानं दत्तोबाचं काम काढून घेतलं आणि चार दिवसांत जुन्नरहून सुतार आणले. दुसऱ्याच्या हक्कात बाहेरच्या कारागिरानं हात घालायचा नाही, ही रीत सरुबाईला, दत्तोबाला आणि तुम्हाआम्हाला. शिलेदाराला कोण रीत शिकवणार!

रविवारी सरुबाईनं भाजलेली वीस मडकी, एकोणीस आधीची आणि एक नव्यानं वळून उन्हात वाळवलेलं, दत्तोबाच्या उंबऱ्यावर मांडली. आत बाया हळद कुटत होत्या. मैना धावत बाहेर आली, काकी, आत या म्हणाली. सरुबाईनं तिच्या गालावरून हात फिरवला आणि तशीच परत फिरली. सोमवारी वाजंत्री वाजली तेव्हा ती अंगणात माती चाळत होती.

मंगळवारी दत्तोबा आला, हातात नवा आरा. बाभळीचा, तासून गुळगुळीत केलेला.

"चाकाचा आरा तडकलाय म्हनं."

"कुणी सांगितलं?"

"दिसतंय की फिरताना."

"दिसू दे," ती म्हणाली. "चाकाला हात लावायचा न्हाई."

तो आरा भिंतीशी टेकवून गेला. पावसाळ्यापर्यंत तो तिथंच होता, मग त्याला बुरशी आली. तडकलेल्या आऱ्याला तिनं सुंभानं घट्ट आवळलं आणि तशाच डगमगत्या चाकावर काम केलं. दुसरा सुतार तिला मिळणार नव्हता आणि हा तिला नको होता.

त्या वर्षी पेठेत घरोघरी माठांची तोंडं थोडी वाकडी होती. चावडीवरच्या माठाचंही, कारण आधीचा तिनं परत नेला तो नेलाच, नंतर हा दिला. शेटे त्याच माठातलं पाणी पीत. पण का वाकडं म्हणून तिला कुणीच विचारलं नाही.