बेशुद्ध मांत्रिकाचं कवच

थोरल्याने मांत्रिकाचं प्यादं पटावर आडवं ठेवलं. मागच्या खेपेला डाव थांबला तेव्हा ते तसंच पडलेलं होतं. भोवती खडूचं वर्तुळ, म्हणजे मांत्रिकाचं कवच; वर्तुळात सोबत्यांची दोन प्यादी, बाहेर शत्रूची काळी प्यादी, सावल्या.

मांत्रिक धाकट्या भावाचा होता. धाकटा आता नव्हता. ट्रकने उडवलं, मग दवाखान्यातल्या यंत्राने त्याला काही दिवस श्वास पुरवला, आणि मग तेही बंद झालं.

त्याच्या खुर्चीत आज त्याची बायको बसली होती. तिने आयुष्यात असला डाव खेळला नव्हता.

“अर्धवट टाकलेलं काही त्याला खपायचं नाही,” एवढंच ती म्हणाली.

खेळणाऱ्या दोघा सोबत्यांपैकी गॅरेजवाल्याने घसा खाकरला. “वहिनी, भांडण सोपं आहे. ह्याने कवचाचा मंत्र टाकला, मग ह्याच्या डोक्यात गदा बसली, हा बेशुद्ध. नियम म्हणतो, मांत्रिकाचं लक्ष आहे तोवर कवच टिकतं. बेशुद्ध पडला तर काय, ते लिहिणाऱ्या गाढवाने लिहिलंच नाही.”

“लिहिलं नाही म्हणजे मनाई नाही,” वकील म्हणाला. तो कुरिअर वाटायचा. वकील हे नाव त्याला या टेबलाने दिलं होतं. “कवच आहे.”

“तुझा तिरंदाज मरेल म्हणून बोंबलतोयस.”

“आणि तुझा काय अमरपट्टा घेऊन आलाय?”

थोरला हसला नाही. डाव तो चालवायचा. गोष्ट तोच सांगायचा, निकालही तोच द्यायचा. टेबलाचा कायदा एकच होता: दिलेला निकाल फिरवायचा नाही, थोरल्यानेसुद्धा. आजचा निकाल तो घरूनच ठरवून आला होता. कवच टिकलंय. भावाला दुसऱ्यांदा मारायची त्याला घाई नव्हती. घाई करणारी समोर बसली होती. यंत्र काढायच्या कागदावर सही हिची होती, तो परगावाहून पोचायच्या आत केलेली. तेव्हापासून तो हिच्याशी कामापुरतं बोलायचा, आणि हिच्याबद्दल नातेवाइकांत पोटभर.

“अरे, धाकट्यानेच सांगितलं होतं की!” वकील म्हणाला. “इथे टेबलावर डोकं टेकून पडला होता सोंगाड्या, डोळे मिटून. म्हणे, ‘पडलोय खरा, पण ऐकू येतंय मला सगळं. परस्पर पोचवू नका रे.’”

गॅरेजवाला हसला आणि मध्येच थांबला.

तिने टेबलाची कड धरली. नखं पांढरी पडली.

“असं म्हणाला?”

वकिलाने मान खाली घातली.

“भाऊजी,” ती म्हणाली, “डॉक्टर म्हणाले, आत कोणी नाही आता. मी कानाशी बोलत होते त्याच्या. बोट हललं नाही. पापणी नाही.” तिने प्याद्याकडे पाहिलं, हात लावला नाही. “तुम्ही सांगा. लक्ष असतं?”

निकाल थोरल्याच्या जिभेवर होता, किती दिवस घासून धार लावलेला. ‘असतं’, एवढा एक शब्द, आणि तो परत घ्यायची सोय नाही. उरलेलं सगळं आयुष्य ती त्या खाटेशेजारी उभी राहिली असती. हेच तर त्याला हवं होतं.

त्याने टेबलाच्या कडेवरच्या तिच्या पांढऱ्या नखांकडे पाहिलं.

“नाही,” तो म्हणाला. “बेशुद्ध माणसाचं लक्ष नसतं. कवच तुटलं.”

“अरे, सगळेच मरतोय आपण!” वकील उठला.

“निकाल दिलाय. बस.”

थोरल्याने अंगठ्याने खडूची रेघ पुसली. सावल्या पुढे सरकवणं त्याचंच काम होतं. पहिली सावली त्याने आडव्या प्याद्याला टेकवली.

“त्याला कळेल?” तिने विचारलं.

“नाही कळत.”

ती खुर्चीत मागे टेकली आणि तोंड न झाकता रडू लागली. गॅरेजवाल्याने पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला.

थोरल्याने दुसरी सावली उचलली. ती हातात तशीच धरून तो पटावर वाकून बसून राहिला, आडव्या प्याद्याकडे कान करून.