सुलाबाईचं माळवद

ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा बातम्यांचा फळा मी लिहायचो. सेलूहून सकाळच्या एसटीनं पेपर यायचा, त्यातल्या मोठ्या बातम्या खडूनं उतरवायचो. माझी बायको मनकर्णा हिला वाचता येत नव्हतं. जेवायला बसलो की विचारायची, "आज काय लिवलं?" मी सांगायचो. मग ती त्या बातमीत आपलं घर, आपलं पोरगं घालून बघायची. कुठं जमावावर लाठ्या चालल्या असं सांगितलं की म्हणायची, "त्यात आपला उद्धव असता तर तुमी त्याला जमाव म्हणला असता का?" मला राग यायचा. भाकरी गार व्हायची.

दिवाळीनंतर ती वारली. आता जेवताना कोणी काही विचारत नाही.

संक्रांतीला विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाला. त्याच आठवड्यात आमच्या गावात बौद्धवाड्यातलं सुलाबाईचं घर जाळलं. ती सणाला लेकीकडं गंगाखेडला गेली होती, म्हणून वाचली. पुढं पेपरात बातमी आली: 'एक झोपडी जळाली, परिस्थिती नियंत्रणात.' तिच्या खालीच दुसऱ्या गावची बातमी होती: 'व्यापाऱ्याच्या घराला आग, संसार उघड्यावर.' व्यापाऱ्याला घर होतं, संसार होता. सुलाबाईच्या वाट्याला नुसती परिस्थिती आली होती, आणि तीही नियंत्रणात.

मी खडू हातात घेऊन उभा राहिलो. सरपंच माणिकराव समोरच्या भुजंगच्या हाटेलात चहा पीत होते. तिथूनच म्हणाले, "चंद्रभान, पेपरात हाय तसंच उतरव. दुपारी तहसीलचे सायब पंचनाम्याला यायलेत."

माणिकरावांना सोसायटीच्या गोदामासाठी ती जागा हवी होती. घर म्हटलं तर जागा सुलाबाईची. झोपडी म्हटलं की अतिक्रमण म्हणायला मोकळे. हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

तेवढ्यात सुलाबाईच आली. मनकर्णाला ती अक्का म्हणायची, म्हणून मी तिचा दाजी.

"दाजी, माझं काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं.

"झोपडी?" ती म्हणाली. "माळवदाची झोपडी कवा झाली?"

"अगं, जळल्यावर सगळं सारखंच," माणिकराव म्हणाले.

"मग तुमच्या वाड्याला काडी लावून बघू का? त्याची झोपडी व्हतीय का ते?"

भुजंग हसला, मग माणिकरावांचं तोंड बघून कपबशा विसळायला लागला.

मी फळ्यावर लिहिलं, 'आपल्या गावात सुलाबाईचं घर जाळलं.' माणिकराव उठून आले आणि ओल्या फडक्यानं सगळा फळा पुसला. "उद्यापासून दुसरा माणूस बघतो," म्हणाले. मी खडू खिडकीत ठेवला.

दुपारी साहेब आले. जळलेल्या जागेवर चार भिंती काळ्या पडून उभ्या होत्या आणि मधे कंबरेएवढा मातीचा ढीग होता. साहेबांच्या हातात पेपर होता.

"झोपडीत एवढी माती कुठून आली?" त्यांनी विचारलं.

"लोकांनी टाकली, आग विझवायला," माणिकराव म्हणाले.

"विझवायला आलतं कोण?" सुलाबाई म्हणाली. "एकाचं तरी नाव सांगा, मी त्याच्या पाया पडते."

साहेब माझ्याकडं बघायला लागले. मी म्हातारा, डोईवर टोपी, बौद्धवाड्यातला नव्हे हे त्यांना दिसत होतं. मी म्हणालो, "साहेब, माझ्या घरी चला. लांब नाही."

माणिकराव म्हणाले, "बायको गेल्यापासून याचं असंच चाललंय, साहेब." पण साहेब आले.

मी शिडी लावली आणि त्यांना माळवदावर चढवलं. आमच्याकडं लाकडं, त्यावर काड्या आणि वर हातभर पांढरी माती असते. दर उन्हाळ्यात नवी माती टाकावी लागते, नाहीतर पावसात घर गळतं. मनकर्णा आणि सुलाबाई वालूरच्या वाटेवरून एकाच गाडीत ती माती आणायच्या. आधी आमच्या घरावर टाकायच्या, मग तिच्या. गेल्या उन्हाळ्यात दोघींनी शेवटची टाकली. मनकर्णा गेल्यापासून मी वर चढलो नव्हतो. कडेला तिच्या बोटांनी दाबलेली माती तशीच होती. पावसानंही गेली नव्हती.

"ही माती बघा," मी म्हणालो. "तिथं ढीग पडलाय तो याच मातीचा. खालची लाकडं जळाली आणि छत आत बसलं. आणि माझ्या या घराला झोपडी म्हणायचं असलं तर तिच्याही म्हणा."

साहेबांनी माती चिमटीत घेऊन चोळून बघितली. मग खाली उतरले. पंचनाम्यात 'माळवदाचे राहते घर' असं लिहून त्यांनी वाचून दाखवलं. पंच म्हणून पहिली सही मी केली. दुसऱ्या सहीला कोणी पुढं येईना. शेवटी भुजंग ओले हात धोतराला पुसत आला.

"माझ्या हाटेलात आता चहा कोण पिणार?" तो म्हणाला.

"मी," सुलाबाई म्हणाली. "आन् कपबशी येगळी ठिवलीस तर फोडीन."

संध्याकाळी ती माझ्या दारात आली. लाकडं कुठून आणायची ते लेकीचा नवरा बघणार होता. ती वर माळवदाकडं बघत होती.

"औंदा मातीची गाडी कोण जुंपणार, दाजी? अक्का तर न्हाई."

"मी जुंपतो," मी म्हणालो. "आधी तुझ्या घरावर टाकू."